विक्रीची संख्या आणि नफाक्षमता : नव्या रूपातील मोटार मॉडेलांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

एखादी मोटार किती विकली गेली आणि तिने उत्पादकाला किती नफा मिळवून दिला, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. तथापि वृत्तपत्रांत, जाहिरातींत आणि पुष्कळदा वर्गातही पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच दुसऱ्याचेही उत्तर मानले जाते. प्रस्तुत लेखात महिंद्र कंपनीची नाशिक येथे तयार होणारी 'थार', मराठवाड्याशी जुना संबंध असलेल्या स्कोडा कंपनीची 'ऑक्टाव्हिया आरएस' आणि जर्मनीतील पोर्श कंपनीच्या स्पोर्ट्स कार या तीन उदाहरणांच्या आधारे विक्रीसंख्या व नफाक्षमता यांतील संबंध स्पष्ट केला आहे. नव्या रूपातील मॉडेलची नफाक्षमता बऱ्याच अंशी पहिली गाडी विकली जाण्यापूर्वीच, म्हणजे आरेखनाच्या टप्प्यावर, ठरत असते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : विक्रीसंख्या, अंशदान, समविच्छेद बिंदू, मर्यादक घटक, थार, ऑक्टाव्हिया आरएस

१. प्रस्तावना

दर महिन्याच्या आरंभी मोटार कंपन्या मागील महिन्याचे विक्रीचे आकडे जाहीर करतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत कोणी कोणाला मागे टाकले याची चर्चा होते. दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पाच दरवाजांच्या 'थार रॉक्स' या मोटारीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या साठ मिनिटांत १,७६,२१८ ग्राहकांनी नोंदणी केल्याचे कंपनीने जाहीर केले. हा आकडा थक्क करणारा होता यात शंका नाही. मात्र त्या साठ मिनिटांत कंपनीने किती कमावले, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नव्हते.

संख्या आणि मिळकत यांतील हा फरक मराठवाड्याला नवा नाही. नांदेड-लातूर भागातील सोयाबीन उत्पादक शेतकरी एकमेकांना भेटले की एकरी उतारा किती पडला हे प्रथम विचारतात. पण दहा क्विंटलांचा उतारा काढणाऱ्याच्या हाती सात क्विंटल काढणाऱ्यापेक्षा कमी पैसा उरू शकतो, हेही ते पुरते जाणून असतात. बियाणे, खते, फवारणी, मजुरी आणि काढणी यांचा खर्च वजा केल्याशिवाय उताऱ्याला अर्थ नसतो. शेतकऱ्याला उपजत असलेले हे भान मोटार उद्योगाच्या आकड्यांकडे पाहताना मात्र सुशिक्षित वाचकही विसरतो.

स्पोर्ट्स कार किंवा तिच्या जवळची हौसेची मोटार हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त विषय आहे. अशी मोटार गरजेपेक्षा आवडीपोटी घेतली जाते. तिची मागणी मर्यादित, आरेखनाचा खर्च मोठा आणि ग्राहकाची अधिक किंमत देण्याची तयारी जास्त असते. 'हौसेला मोल नाही' ही म्हण येथे अर्थशास्त्रीय विधान ठरते. थार ही तांत्रिकदृष्ट्या स्पोर्ट्स कार नव्हे, ती खडतर रस्त्यांची मोटार आहे. तरीही भारतीय बाजारपेठेत हौसेची मोटार म्हणून जे स्थान स्पोर्ट्स कारला इतरत्र असते, त्याच्या बरेच जवळचे स्थान थारला लाभले आहे. म्हणून तिचा येथे प्रमुख उदाहरण म्हणून विचार केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) विक्रीसंख्या व नफाक्षमता या संकल्पनांमधील भेद स्पष्ट करणे. (२) नव्या रूपातील मॉडेलच्या नफाक्षमतेवर परिणाम करणाऱ्या घटकांचा परामर्श घेणे. (३) संख्येला महत्त्व केव्हा व कोणाच्या दृष्टीने असते याचा विचार करणे.

विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी दुय्यम साधनसामग्रीचा आधार घेतला आहे. मोटार कंपन्या मॉडेलनिहाय नफा प्रसिद्ध करीत नाहीत. त्यांचे अहवाल वाहन, शेती अवजारे अशा व्यापक विभागांपुरते असतात. त्यामुळे येथे नफ्याचे आकडे मांडण्याऐवजी नफा घडविणाऱ्या रचनेचे विश्लेषण केले आहे. गणिती उदाहरणांतील खर्चाचे आकडे कल्पित असून ते केवळ संकल्पना समजण्यासाठी आहेत.

३. संकल्पनात्मक मांडणी

सीमांत परिव्यय पद्धतीत खर्चाचे दोन भाग केले जातात. आरेखन, पत्रे घडविण्याचे साचे, चाचण्या, प्रमाणीकरण आणि जुळणीची यंत्रणा यांवरील खर्च एक गाडी विकली काय किंवा एक लाख विकल्या काय, तेवढाच राहतो. हा स्थिर खर्च होय. पोलाद, इंजिनाचे भाग, टायर, वाहतूक यांवरील खर्च गाड्यांच्या संख्येबरोबर वाढतो. हा बदलता खर्च होय. कंपनीला मिळणाऱ्या निव्वळ किमतीतून बदलता खर्च वजा केला असता जे उरते ते अंशदान. अंशदानांची बेरीज स्थिर खर्चाइतकी झाली की समविच्छेद बिंदू गाठला जातो, आणि नफा त्यापुढच्या गाडीपासून सुरू होतो.

समजा, एका कंपनीने आपल्या 'क्ष' मॉडेलचे रूप बदलले. पाच वर्षांच्या आयुष्यासाठी त्याचा स्थिर खर्च १,२०० कोटी रुपये आहे. प्रत्येक गाडीमागे कंपनीला ८ लाख रुपये मिळतात व बदलता खर्च ६ लाख ८० हजार रुपये येतो. म्हणजे अंशदान १ लाख २० हजार रुपये झाले. परिस्थिती बदलली की समविच्छेद बिंदू कसा सरकतो हे पुढील तक्त्यावरून दिसेल.

तक्ता क्र. १ : समविच्छेद बिंदूतील बदल (कल्पित आकडे)

| स्थिती | स्थिर खर्च (कोटी रु.) | प्रतिगाडी अंशदान (रु.) | समविच्छेद विक्री (गाड्या) |
|---|---|---|---|
| अ. मूळ स्थिती | १,२०० | १,२०,००० | १,००,००० |
| आ. प्रतिगाडी ४०,००० रु. सूट | १,२०० | ८०,००० | १,५०,००० |
| इ. इंजिन व सांगाडा अन्य मॉडेलांशी सामायिक | ८०० | १,२०,००० | ६६,६६७ |
| ई. दहापैकी तीन ग्राहक कंपनीच्याच दुसऱ्या मॉडेलकडून आलेले | १,२०० | ९०,००० | १,३३,३३३ |

तक्त्यातील 'आ' ही स्थिती विशेष लक्षणीय आहे. कंपनीने किमतीत केवळ ५ टक्के सूट दिली, पण तोट्यातून बाहेर येण्यासाठी तिला ५० टक्के अधिक गाड्या विकाव्या लागल्या. सूट किमतीवर दिली जाते, तिचा घाव मात्र अंशदानावर बसतो. दिवाळीच्या सुमारास सवलती देऊन एखादी कंपनी विक्रीच्या यादीत वरचे स्थान मिळविते, तेव्हा तिने संख्या कमावली आणि नफा गमावला असे घडू शकते.

'ई' या स्थितीत जे तीन ग्राहक नवे मॉडेल नसते तर कंपनीचेच दुसरे मॉडेल घेणार होते, त्यांच्यामागे कंपनीचे प्रत्येकी १ लाख रुपयांचे अंशदान बुडाले असे गृहीत धरले आहे. दहा गाड्यांच्या १२ लाखांतून ३ लाख गेले आणि प्रतिगाडी खरे अंशदान ९० हजारांवर आले. नव्या मॉडेलची विक्री मोजताना जुन्या मॉडेलच्या खिशातून काय गेले ते मोजले नाही, तर हिशोब अपुरा राहतो.

४. 'विक्री' या शब्दाचे तीन अर्थ

नफ्याचा विचार करण्यापूर्वी विक्रीसंख्या म्हणजे नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे. मोटार व्यवसायात एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी वावरतात. पहिली नोंदणी. ग्राहक अल्प रक्कम भरून रांगेत उभा राहतो. ही रक्कम कंपनीचे उत्पन्न नसून तिचे दायित्व असते, कारण नोंदणी रद्द होऊ शकते. दुसरी पाठवणी. कारखान्यातून वितरकाकडे गाडी रवाना झाली की कंपनीच्या पुस्तकात विक्री नोंदविली जाते. कंपन्या दर महिन्याला जाहीर करतात तो आकडा सर्वसाधारणपणे याच पाठवणीचा असतो. तिसरी किरकोळ विक्री. ग्राहकाने गाडी घरी नेली व तिची परिवहन कार्यालयात नोंद झाली, ही ती विक्री होय. वितरकांची 'फाडा' ही संघटना वाहन नोंदींच्या आधारे हे आकडे प्रसिद्ध करते.

दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यातील अंतर वितरकाच्या आवारात उभे असते. २०२४ च्या सणासुदीच्या आधी देशातील वितरकांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका प्रवासी मोटारींचा साठा झाला होता. सुमारे ७ लाख ९० हजार गाड्या आणि ७९ हजार कोटी रुपये त्यात अडकले असल्याचे 'फाडा'ने त्या वेळी सांगितले. कंपन्यांच्या दृष्टीने या गाड्या विकल्या गेल्या होत्या. त्यांच्या खरेदीसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज मात्र वितरक भरत होते.

५. 'थार' : नव्या रूपाचे अर्थकारण

महिंद्र कंपनीचा जीपशी असलेला संबंध १९४७ मध्ये विलीज जीपच्या जुळणीपासून सुरू झाला. याच परंपरेतील थार २०१० मध्ये बाजारात आली. ही पहिली थार जाणकार व साहसप्रेमी अशा मर्यादित ग्राहकवर्गाची गाडी होती. तिचे पूर्णतः नवे रूप १५ ऑगस्ट २०२० रोजी सादर झाले व २ ऑक्टोबर २०२० रोजी ९ लाख ८० हजार रुपयांपासून किमती जाहीर झाल्या. पक्के छत, समोर तोंड असलेली मागील आसने, स्वयंचलित गिअर आणि पेट्रोल इंजिन यांमुळे ती रोजच्या वापरासही योग्य ठरली. नोव्हेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेच्या सुरक्षा चाचणीत तिला चार तारे मिळाले. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे सुमारे अडीच वर्षांत, एक लाखावी थार तयार झाली.

येथपर्यंतची हकीकत संख्येची आहे. नफ्याच्या दृष्टीने पुढील तीन बाबी अधिक महत्त्वाच्या आहेत.

५.१ सामायिक भाग

थारचे रूप वेगळे असले तरी तिची इंजिने तिच्यापुरती मर्यादित नाहीत. 'एमस्टॅलियन' पेट्रोल व 'एमहॉक' डिझेल ही इंजिने कंपनीच्या अन्य मोटारींतही वेगवेगळ्या स्वरूपात वापरली जातात. पुढे जानेवारी २०२३ मध्ये थारला बसविलेले दीड लिटरचे डिझेल इंजिन 'एक्सयूव्ही ३००' या मोटारीत आधीपासूनच वापरात होते. इंजिनाच्या विकासाचा खर्च अनेक मॉडेलांवर वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. तक्त्यातील 'इ' स्थिती हीच आहे. ग्राहकाला जे डोळ्यांनी दिसते ते वेगळे ठेवायचे आणि जे दिसत नाही ते सामायिक करायचे, हे या व्यवसायातील नफ्याचे मूलभूत सूत्र आहे.

५.२ कराची चौकट

भारतात मोटारीच्या आकारमानावर तिचा कर ठरतो, आणि आकारमान आरेखकाच्या हातात असते. तीन दरवाजांच्या थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरांच्या मर्यादेत अवघ्या १५ मिलिमीटरांनी बसणारी आहे. मात्र २०२० च्या थारमधील इंजिने २ व २.२ लिटरची असल्याने लांबीचा लाभ तिला मिळत नव्हता. तिच्यावर वस्तू व सेवा कर २८ टक्के आणि भरपाई उपकर २० टक्के, असा एकूण ४८ टक्के कर होता. जानेवारी २०२३ मध्ये फोर-व्हील-ड्राइव्ह वगळून, केवळ मागील चाकांना शक्ती देणारी, दीड लिटर डिझेल इंजिनाची थार ९ लाख ९९ हजार रुपयांच्या प्रारंभिक किमतीला आली. चार मीटरांहून कमी लांबी व दीड लिटरपर्यंतचे डिझेल इंजिन या दोन्ही अटी पूर्ण झाल्याने तिच्यावरील एकूण कर ३१ टक्के झाला.

या बदलाचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. ग्राहकाने करासह १० लाख रुपये मोजले, तर ४८ टक्के कर असताना कंपनी व वितरक यांच्याकडे मिळून सुमारे ६ लाख ७६ हजार रुपये राहतात. ३१ टक्के कर असताना तेच सुमारे ७ लाख ६३ हजार होतात. ग्राहकाची किंमत तीच, पण गाडीमागे सुमारे ८७ हजार रुपये अधिक. शिवाय फोर-व्हील-ड्राइव्हची यंत्रणा वगळल्याने बदलता खर्चही घटला. यातून किंमत कमी करून संख्या वाढवावी की किंमत राखून अंशदान वाढवावे, असे दोन्ही मार्ग कंपनीसमोर खुले झाले.

दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन लहान मोटारींवर १८ टक्के व मोठ्या मोटारींवर ४० टक्के असे दर लागू झाले. दीड लिटरच्या थारवरील कर ३१ वरून १८ टक्क्यांवर आला आणि तिची किंमत १ लाख ३५ हजार रुपयांपर्यंत घटली. चार मीटरांहून लांब व मोठ्या इंजिनाच्या थार रॉक्सवरील कर ५० वरून ४० टक्के झाला. दोन्ही गट स्वस्त झाले, पण त्यांच्यातील दरी १७ ते १९ टक्क्यांवरून २२ टक्क्यांपर्यंत रुंदावली. परिणामी काही मिलिमीटरांचे व काही घनसेंटिमीटरांचे मोल पूर्वीपेक्षाही वाढले आहे.

५.३ टंचाई आणि मर्यादक घटक

२०२१ मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपांची टंचाई निर्माण झाली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये महिंद्र कंपनीला सुमारे सात दिवस वाहन उत्पादन बंद ठेवावे लागले. थारसाठी ग्राहकांना अनेक महिने थांबावे लागत होते. अशा वेळी उत्पादकासमोरचा प्रश्न किती गाड्या विकता येतील हा नसतो. हाती असलेल्या चिपा कोणत्या गाडीत बसवाव्यात हा असतो.

परिव्यय लेखांकनात यालाच मर्यादक घटकाचा प्रश्न म्हणतात. समजा, एका मॉडेलचे अंशदान १ लाख २० हजार रुपये असून त्यास १५० चिपा लागतात. दुसऱ्याचे अंशदान ९० हजार असून त्यास ७५ चिपा लागतात. प्रतिगाडी विचार केल्यास पहिले मॉडेल सरस दिसते. पण प्रतिचिप अंशदान पहिल्याचे ८०० रुपये व दुसऱ्याचे १,२०० रुपये आहे. टंचाईच्या काळात दुसरे मॉडेल बनविणे हितावह ठरते. विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकात 'कच्च्या मालाची टंचाई' या शीर्षकाखाली जे उदाहरण सोडवावे लागते, तेच २०२१ मध्ये जगातील बहुतेक मोटार उत्पादकांसमोर प्रत्यक्ष उभे होते.

टंचाईचा आणखी एक परिणाम झाला. रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकाला सूट द्यावी लागत नाही. संख्या मर्यादित राहिली तरी प्रतिगाडी अंशदान शाबूत राहिले. त्यानंतरच्या काळात महिंद्र कंपनी आपल्या निकालांत एसयूव्ही गटातील गाड्यांच्या संख्येबरोबरच, किंबहुना तिच्याही आधी, महसुलातील वाट्याचा उल्लेख करू लागली. कोणती फूटपट्टी हाती घ्यावी, हा निर्णयही व्यवस्थापनाच्या दृष्टिकोनाचा निदर्शक असतो.

६. 'ऑक्टाव्हिया आरएस' : शंभर गाड्यांचे गणित

थारच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण मराठवाड्याला परिचित असलेल्या कंपनीचे आहे. तत्कालीन औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीने २००१ मध्ये ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. याच मोटारीची वेगवान आवृत्ती 'आरएस' भारतात २००४ मध्ये आली. २०२३ मध्ये नवे उत्सर्जन नियम लागू होण्याच्या सुमारास सर्वसाधारण ऑक्टाव्हियाची येथील विक्री थांबली. वेगवान आवृत्तीची वाटचाल मात्र वेगळी राहिली. २०२० मध्ये 'आरएस २४५' या मोटारीच्या केवळ २०० गाड्या ३५ लाख ९९ हजार रुपयांना विक्रीस आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या रूपातील आरएसच्या केवळ १०० गाड्या ४९ लाख ९९ हजार रुपयांना आल्या आणि किंमत जाहीर होण्यापूर्वीच त्या सर्व नोंदविल्या गेल्या.

मागणी असताना केवळ शंभर गाड्या का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर स्थिर खर्चात आहे. ही मोटार येथे तयार करायची तर साचे, जुळणीची व्यवस्था, पुरवठादारांची उभारणी आणि भारतीय प्रमाणीकरण यांवर मोठा खर्च करावा लागेल. काही शे ग्राहकांवर तो वाटणे शक्य नाही. याउलट केंद्र शासनाच्या २०१८ च्या नियमानुसार ठराविक विदेशी मानके पूर्ण करणारी वाहने वर्षाला २,५०० या मर्यादेत येथील प्रमाणीकरणाविना आयात करता येतात. तयार मोटारीवरील आयात शुल्क जबर आहे. ४० हजार डॉलरपेक्षा कमी मूल्याच्या मोटारींवरील शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ६० वरून ७० टक्के करण्यात आले. परंतु हे शुल्क बदलता खर्च आहे. गाडी आणली तरच ते भरावे लागते, आणि हौशी ग्राहक ते किमतीतून सोसतो. स्थिर खर्च जवळजवळ नाही, म्हणून समविच्छेद बिंदूही अगदी खाली राहतो.

थार व ऑक्टाव्हिया आरएस यांची तुलना केल्यास असे दिसते की पहिलीने स्थिर खर्च अनेक मॉडेलांवर आणि मोठ्या संख्येवर वाटला, तर दुसरीने तो जवळपास टाळला. मार्ग परस्परविरुद्ध असले तरी दोन्हींत संख्या हे साध्य नाही. खर्चाची रचना आधी ठरली व तिला साजेशी संख्या नंतर निवडली गेली.

७. पोर्श : दोन काळांतील धडे

खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार बनविणाऱ्या पोर्श कंपनीचा अनुभव या निष्कर्षाला पुष्टी देतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला ५० हजारांहून अधिक गाड्या विकणारी ही कंपनी १९९२-९३ मध्ये १५ हजारांच्याही खाली आली. तिच्या मोटारी नावाजलेल्या होत्या, पण प्रत्येक मॉडेलची रचना स्वतंत्र असल्याने खर्च अवाढव्य होता. वेंडेलिन व्हीडेकिंग यांच्या नेतृत्वाखाली जपानी तज्ज्ञांच्या साह्याने उत्पादनपद्धती बदलण्यात आली. १९९६ ची 'बॉक्स्टर' आणि १९९७ ची नवी '९११' या मोटारींचा पुढचा बराचसा भाग सामायिक ठेवण्यात आला. कंपनी सावरली. मात्र महाग मोटार घेणाऱ्या ग्राहकांना तिचा चेहरा स्वस्त मोटारीसारखा असणे रुचले नाही, आणि काही वर्षांतच ९११ चे दिवे बदलावे लागले. सामायिकतेलाही मर्यादा आहे. जे डोळ्यांना दिसते ते सामायिक केले तर हौसेचे मोल घटते.

दुसरा धडा अलीकडचा आहे. पोर्शने २०२३ मध्ये ३,२०,२२१ व २०२४ मध्ये ३,१०,७१८ मोटारी ग्राहकांना दिल्या. घट सुमारे ३ टक्के होती. त्याच काळात कंपनीचा कार्यचालन नफा सुमारे ७.३ अब्ज युरोंवरून ५.६ अब्ज युरोंवर आला, म्हणजे जवळपास २३ टक्क्यांनी घटला. विक्रीवरील नफ्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून १४.१ टक्के झाले. २०२४ या एकाच वर्षात कंपनीने आपली बहुतांश मॉडेले नव्या रूपात आणली होती, आणि त्यांचा खर्च त्या वर्षाच्या हिशोबावर पडला. नवे रूप हा प्रथम खर्च असतो. त्याचे उत्पन्न नंतर येते. संख्या जवळपास स्थिर असतानाही नफा इतका हलू शकतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

८. नफा कोणाचा?

येथवरच्या विवेचनावरून संख्येला महत्त्व नाही असा समज होण्याचा संभव आहे. तो योग्य नाही. आतापर्यंत नफ्याचा विचार उत्पादकाच्या बाजूने केला. मोटार व्यवसायात उत्पादकाशिवाय इतरही घटक असतात आणि त्यांचे गणित वेगळे असते.

वाळूज, चाकण किंवा अंबड येथील सुटे भाग पुरविणारा लघुउद्योजक प्रतिनग अल्प मोबदल्यावर काम करतो. हौशी ग्राहकाने दिलेली अधिक किंमत त्याच्यापर्यंत क्वचितच झिरपते. त्याची मिळकत नगांच्या संख्येवर अवलंबून असते. नांदेड किंवा लातूरसारख्या जिल्हाकेंद्रातील वितरकाला विक्रीपेक्षाही नंतरची दुरुस्ती-देखभाल तगवते, आणि त्यासाठी रस्त्यावर पुरेशा गाड्या असाव्या लागतात. कंधार, लोहा, मुखेड या तालुक्यांतून पुणे व संभाजीनगरच्या कारखान्यांत कंत्राटी कामास जाणाऱ्या तरुणाचे तर पूर्ण भवितव्यच संख्येशी बांधलेले असते. एक पाळी कमी झाली तर कंपनीचे नफ्याचे प्रमाण सुधारू शकते, पण प्रथम घरी येतो तो हा तरुण. आयात केलेल्या शंभर मोटारी कंपनीला लाभदायक असतील. येथील जुळणीच्या कामाला त्यांतून एका पाळीचेही काम मिळत नाही.

या संदर्भात बजाज ऑटो कंपनीचा निर्णय आठवतो. १९८५ पासून वाळूज येथे कारखाना चालविणाऱ्या या कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये स्कूटरचे उत्पादन थांबविण्याचा व मोटारसायकलींवर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनीचा करोत्तर नफा २००८-०९ मधील ६५६ कोटींवरून २००९-१० मध्ये १,७०३ कोटी रुपयांवर गेला. आदल्या वर्षीच्या जागतिक मंदीनंतर मागणीत झालेली वाढ हेही त्यामागे मोठे कारण होते, म्हणून सर्व श्रेय एका निर्णयाला देता येणार नाही. पुढील दशकात स्कूटरची बाजारपेठ वेगाने विस्तारली व तिचा लाभ इतरांना झाला. २०२० मध्ये 'चेतक' विजेवर चालणाऱ्या नव्या रूपात परत आली. कमी फायद्याची संख्या सोडून देणे लेखांकनाच्या दृष्टीने योग्य असू शकते, परंतु सोडलेली बाजारपेठ पुन्हा मिळविण्याचा खर्च कोणत्याही ताळेबंदात आगाऊ दिसत नाही.

९. निष्कर्ष

१) विक्रीसंख्या हा नफ्याचा पुरावा नाही. नोंदणी, पाठवणी आणि किरकोळ विक्री यांपैकी कोणता आकडा सांगितला जात आहे हे प्रथम पाहिले पाहिजे.

२) किमतीतील अल्प सूटही समविच्छेद बिंदू फार दूर नेते, कारण तिचा परिणाम संपूर्णपणे अंशदानावर होतो.

३) नव्या रूपातील मॉडेलची नफाक्षमता सामायिक भाग, कराच्या चौकटीत बसणारे आकारमान आणि कंपनीच्याच अन्य मॉडेलांवरील परिणाम या आरेखनाच्या वेळी घेतलेल्या निर्णयांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. विक्री विभागाच्या हाती त्यानंतर उरते ते थोडेच.

४) अल्प संख्या व अधिक संख्या हे दोन्ही मार्ग लाभदायक असू शकतात. मोठा स्थिर खर्च पत्करून अल्प संख्येवर समाधान मानणे, किंवा अल्प अंशदान ठेवून संख्येमागे धावणे, हे मार्ग मात्र धोक्याचे आहेत.

५) उत्पादकाची नफाक्षमता आणि पुरवठादार, वितरक व कामगार यांचे हित नेहमी एकाच दिशेने जात नाही. म्हणून औद्योगिक धोरणाचा विचार करताना केवळ नफ्याचे प्रमाण किंवा केवळ संख्या पाहणे अपुरे ठरते.

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गात सीमांत परिव्ययाचे प्रकरण बहुधा 'अ' आणि 'ब' या अनामिक कंपन्यांच्या उदाहरणांनी शिकविले जाते. वर्गातील विद्यार्थी रस्त्याने जाणारी थार ओळखतात, तिची किंमतही सांगतात. तिची लांबी ३,९८५ मिलिमीटरच का, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला तर त्याच्या उत्तरात स्थिर खर्च, अंशदान, करप्रणाली आणि बाजारपेठ हे सर्व विषय ओघाने येतात. आणि ज्या विद्यार्थ्याचा भाऊ चाकणला कंत्राटी कामावर आहे, तो कदाचित पुढचा प्रश्न विचारील : या नफ्यात आमचा वाटा कोठे? त्या प्रश्नाला परिव्यय लेखांकनाच्या पुस्तकात उत्तर नाही, पण तो वर्गात विचारला जाणे आवश्यक आहे.